चांदीच्या अंगठ्या घरी नियमित करायच्यात, पण सगळ्या अर्धवट राहतात – काय करू?

ठाण्याहून एका ताईंचा प्रश्न आलाय. लांब आहे म्हणून थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशाबद्दल बोलतेय. त्यांनी दोन दिवसांचं चांदीकामाचं वर्कशॉप केलं, तिथे एक अंगठी झाली आणि चांगली झाली, मग टॉर्च, कानशी, मॅंड्रेल (अंगठी गोल करायची निमुळती दांडी) सगळं घेतलं, जयपूरहून खडे मागवले, आणि आता सहा महिन्यांनी ड्रॉवरमध्ये अर्ध्या अंगठ्या पडून आहेत. नोकरी आहे, फ्लॅट छोटा आहे, शनिवार-रविवारच हातात असतो. त्या विचारतात की माझ्यात शिस्त कमी पडते की डिझाईन सुचत नाही म्हणून अडतं? आठवड्याला एक अंगठी असं टार्गेट ठेवू का? शिवाय आजोबांच्या अंगठीतलं एक पोवळं आहे ते चांदीत बसवायचंय, आणि दोन मैत्रिणी पैसे देऊन अंगठ्या घ्यायला तयार आहेत, तर हो म्हणू का?

शिस्तीचा प्रश्न मला दिसत नाही. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मात्र मी दोनदा वाचलं, "दर वेळी एक नवा खडा काढते आणि त्याला शोभेल अशी अंगठी करायला बसते". अडतंय ते इथे. प्रत्येक खडा वेगळ्या मापाचा, म्हणजे दर वेळी कोंदण वेगळं, पट्टी वेगळी, डाख, म्हणजे सांधा जोडणारी लवकर वितळणारी चांदी, लावायचा क्रम वेगळा, आणि हे सगळं कागदावरच्या चित्रापासून पॉलिशपर्यंत एका शनिवारात न्यायचं. वर्कशॉपमध्ये ते झालं कारण पत्रा कापून, ताव देऊन (तापवून मऊ करून), डाख धावावी म्हणून लावायचा टाकणखार कालवून, टॉर्च भरून कुणीतरी आधीच ठेवलेलं असतं आणि तुमच्या मागे शिकवणारा उभा असतो. घरी हे सगळं तुमच्याच अंगावर येतं, मग दुपारपर्यंत जेमतेम कोंदणाची भिंत उभी राहते, तेवढ्यात कुणीतरी बेल वाजवतं, आणि पुढच्या शनिवारी तुम्हाला ती अर्धी अंगठी हातात घेऊन आठवावं लागतं की आपण नक्की काय ठरवलं होतं.

म्हणून माझं सांगणं असं की सध्या डिझाईन करणं थांबवा. एकच अंगठी ठरवा आणि तीच परत परत करा, हात बसेपर्यंत. आणि काम दिवसांमध्ये वाटा, आगीचा दिवस वेगळा ठेवा. बाकी जे खाली लिहितेय ते याच्याच आजूबाजूचं आहे.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगते. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर आगीचं आणि अ‍ॅसिडचं काम ती झोपल्यावर किंवा बाहेर असतानाच. बाल्कनीला बंद स्लायडिंग असेल आणि हवा खेळत नसेल तर टॉर्चचं काम घरी करूच नका, एखाद्या ओळखीच्या कारागिराकडे किंवा स्टुडिओत महिन्यातून एकदा जा, बाकी कापणं, घासणं, वळवणं घरी करा, तसं करणारे बरेच जण आहेत आणि त्यांचं काम उत्तम चालतं. पैशांचा हिशोबही प्रत्येकाचा वेगळा, चांदीचा किलोचा भाव लाखाच्या वर गेल्यापासून "चुकली तर चुकली" असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्याबद्दल पुढे बोलते.

ती एक अंगठी कुठली? माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी साधं वळं करायला लावते, खडा नाही, नक्षी नाही. 5 मिमी रुंद, दीड मिमी जाड पट्टी. लांबी काढायची रीत सोपी आहे, आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, त्याला 3.14 ने गुणा. म्हणजे आतला व्यास 17 आणि जाडी 1.5 असेल तर 18.5 गुणिले 3.14, साधारण 58 मिमी. बरेच जण जाडी धरायचं विसरतात आणि मग अंगठी घट्ट होते. ही पट्टी साधारण साडेचार ग्रॅमची भरते. बोटाचं माप संध्याकाळी घ्या, मुंबई-ठाण्याच्या उकाड्यात सकाळचं बोट आणि संध्याकाळचं बोट एक नसतं, आणि पट्टी 6 मिमीच्या पुढे रुंद केलीत तर माप थोडं सैल धरा कारण रुंद अंगठी बोटाला जास्त पकडते.

साधं वळं म्हटलं की लोकांचा चेहरा उतरतो, म्हणजे यात काय क्रिएटिव्ह असं वाटतं. पण एवढ्याशा वळ्यात सगळा धंदा आहे. कापणं, काटकोनात घासणं, ताव देणं, वळवणं, सांधा मिळवणं, डाख, गोल करणं, घासणं, पॉलिश. गाणं शिकणारी मुलगी महिनोन् महिने एकच यमन घेऊन बसते, तिला कुणी विचारत नाही की नवीन राग कधी, तसंच हे. आणि दुसरं, एकच वस्तू परत केली की फरक दिसतो. मागच्या वेळी सांधा उजव्या बाजूने उघडा राहिला होता, या वेळी राहिला नाही, हे तुम्हाला कळतं. दर वेळी वेगळी अंगठी असेल तर चूक कुठली आणि डिझाईनच तसं होतं का हे वेगळं करताच येत नाही.

सांध्याबद्दल जरा थांबून बोलते कारण निम्म्या अंगठ्या तिथेच मरतात. डाख फट भरत नाही. हे वाक्य लिहून टेबलासमोर लावा हवं तर. दोन्ही टोकं एकमेकांना पूर्ण भिडलेली हवीत, अंगठी दिव्यासमोर धरा, सांध्यातून उजेडाची रेघ दिसली की परत कानस मारा. एक युक्ती सांगते, टोकं जवळ आणून सांध्यातूनच सॉ ब्लेड एकदा फिरवा, दोन्ही कडा एकाच वेळी समांतर कापल्या जातात, मग दाबून जवळ आणा. या वेळी अंगठी गोल असायची गरज नाही, इंग्रजी डी सारखी झाली तरी चालेल, सांधा मिळणं महत्त्वाचं, गोल नंतर मॅंड्रेलवर मोगरीने ठोकून होते.

मग आग. टाकणखार लावून डाखेचा बारीक तुकडा सांध्याखाली किंवा सांध्यावर ठेवलाय असं समजा. ज्योत थेट सांध्यावर मारायची नाही, आधी सगळी अंगठी गरम करायची, गोल गोल फिरवत, लांबून. पहिल्यांदा टाकणखारातलं पाणी उडतं, तो पांढरा होऊन फुगतो, या वेळी डाखेचा तुकडा उडी मारून बाजूला जाऊ शकतो म्हणून हातात सुई किंवा टोकदार पिक तयार ठेवा. मग फुगलेलं बसतं, आणि टाकणखार काचेसारखा पारदर्शक ओला दिसायला लागतो. इथपर्यंत आलात की जवळ आलात. आता सांध्याच्या दोन्ही बाजू सारख्या तापवा, चांदी मंद लाल दिसेल, आणि मग एका क्षणात डाख आपला आकार सोडते आणि सांध्यातून चमकदार रेघ सरकन धावते. ती रेघ दिसली की ज्योत लगेच बाजूला. डाख नेहमी जिथे जास्त गरम तिथे पळते, एका बाजूला चढून बसली तर समजायचं ती बाजू जास्त तापली. ही रेघ बघायला खोलीत उजेड कमी हवा, भर उन्हात बाल्कनीत बसून लाली दिसतच नाही आणि मग लोक चांदी वितळवतात. शुद्ध चांदी जवळपास 962 अंशांना वितळते पण आपण वापरतो ती 92.5 टक्क्यांची, बाकीचं बहुतेक तांबं, ती 800 च्या आसपासच मऊ पडायला लागते आणि 900 च्या आत पूर्ण पाणी होते. हार्ड डाख, म्हणजे सगळ्यात जास्त तापल्यावर वितळणारी, साधारण 740-750 ला धावते. म्हणजे तुमच्या हातात फार मोठं अंतर नाहीये.

यासाठीच मी म्हणते की तांब्यावर प्रॅक्टिस करा पण तिथेच राहू नका. कापणं, घासणं, वळवणं तांब्या-पितळेवर शिकायला काहीच हरकत नाही, खर्च वाचतो. पण तांबं 1085 अंशांपर्यंत टिकतं, ते तुम्हाला खूप माफ करतं, चांदी करत नाही. आग चांदीवरच शिकावी लागते. आणि चांदीची पट्टी बिघडली म्हणजे साडेचार ग्रॅम चांदी वाया गेली असं नसतं, घडणावळ गेली, चांदी आहे तिथेच आहे. ती डब्यात टाका. फक्त डाख लागलेले तुकडे आणि स्वच्छ कातरण असे दोन वेगळे डबे ठेवा, डाखेत जस्त वगैरे असतं, ते स्वच्छ चांदीत मिसळून वितळवलं की पत्रा ठिसूळ होतो. कानशीचा चुराही टेबलाला खाली कातडं किंवा जाड कापड बांधून गोळा करा. सराफ बाजारातल्या दुकानांसमोरची माती धुऊन सोनं-चांदी काढणारे झारेकरी पिढ्यान् पिढ्या त्यावर पोट भरत आलेत, त्यावरून कळेल की चुऱ्याला किती किंमत आहे.

आता दिवस वाटण्याबद्दल. मी स्वतः एका बैठकीत एक प्रकारचंच काम करते आणि तुम्हालाही तेच सुचवेन. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी पाऊण तास मिळाला तर त्यात फक्त कापणं. तीन-चार पट्ट्या एकदम कापून, टोकं घासून ठेवा. दुसऱ्या संध्याकाळी वळवणं आणि सांधे मिळवणं. हे काम टीव्हीसमोर बसूनही होतं, आवाज नाही, वास नाही. आणि मग पंधरा दिवसांतून एक रविवार सकाळ आगीची, त्यात जेवढे सांधे तयार असतील तेवढे सगळे एका दमात. टॉर्च काढा, विटा मांडा, पाण्याचं भांडं, पिकल (डाखेनंतर चांदी साफ करायचं आंबट पाणी) गरम, खिडक्या उघड्या, या मांडामांडीला अर्धा तास जातो, तो एका अंगठीसाठी घालवायचा की पाच अंगठ्यांसाठी, तुम्हीच बघा. शिवाय पाच सांधे ओळीने केले की तिसऱ्यापासून हाताला अंदाज येतो, जो आठवड्याने केलेल्या एकेका सांध्याला कधीच येत नाही. पॉलिश पुन्हा वेगळ्या दिवशी, कारण एमरीचा आणि रूजचा (पॉलिशच्या लाल पुडीचा) लाल-काळा चिखल इतर कामात आला की सगळं घाण होतं.

असं केलं की कुठल्याही वेळी तुमच्या टेबलावर वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या अंगठ्या असतात आणि "अर्धवट" हा शब्दच डोक्यातून जातो. आठवड्याला एक अंगठी हे टार्गेट मी ठेवणार नाही. आठवड्यात दोनदा टेबलावर बसणं हे ठेवा, काय झालं ते होऊ दे.

ताव द्यायचं विसरू नका. चांदी ठोकली, वळवली की ती कडक होते, जबरदस्ती केली की तडा जातो. वळवताना हाताला विरोध जाणवला की थांबा, परत तापवा, मंद लालीपर्यंत, लाली गेली की पाण्यात. अंदाज येत नसेल तर पट्टीवर साध्या मार्करने रेघ मारा, ती उडून गेली की साधारण झालं. जुने सोनार बागेसरीवर, म्हणजे त्यांच्या शेगडीवर, फुंकणीने हेच करायचे, नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने.

वळं तुम्हाला सहज जमायला लागलं, म्हणजे सांधा शोधूनही सापडत नाही अशी अंगठी सलग होऊ लागली, की मग खडा. आणि इथेही एकच. सगळे एका मापाचे, 8 मिमी गोल, सपाट बुडाचे कॅबोशन, म्हणजे वरून गुळगुळीत घुमटासारखे, पैलू नसलेले, असे डझनभर घ्या. अकीक, कार्नेलियन, अ‍ॅमेथिस्ट, गार्नेट, यांच्यातले. माप एकच असल्यामुळे कोंदणाची पट्टी एकाच लांबीची लागते, 0.3 मिमी जाडीची शुद्ध चांदीची पट्टी घेतलीत तर 8.3 गुणिले 3.14, साधारण 26 मिमी. पट्ट्या एकदम कापून ठेवता येतात. रंग बदलला की अंगठी वेगळी दिसते, तुमची नवीन काही करायची हौसही भागते, आणि हात तेच काम शिकत राहतो.

खड्यांची निवड करताना कठीणपणा बघा, कारण अंगठी हा दागिना सगळ्यात जास्त आपटतो. कानातल्यात जे चालतं ते बोटात चालेलच असं नाही. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा मोहसच्या 1 ते 10 च्या मापावर 7. त्याहून मऊ खड्याची चकाकी धूळ पुसतानाच हळूहळू जाते. अ‍ॅमेथिस्ट 7, अकीक साडेसहा ते सात, गार्नेट त्याच्या आसपास, माणिक-नीलम 9. चंद्रकांत, म्हणजे मूनस्टोन, सुंदर असतो पण सहाच्या आसपास आणि त्यात सरळ चीर जायची खोड, कोंदण दाबताना हलका हात लागतो. पिरोजा सच्छिद्र, तेल-क्रीम पितो आणि रंग बदलतो. पाचूत नैसर्गिक भेगा असतात आणि त्या बहुतेक वेळा तेलाने भरलेल्या असतात, त्याला आग आणि अल्ट्रासॉनिक मशीनची सफाई दोन्ही वर्ज्य. ऑनलाइन स्वस्तात भडक गुलाबी, भडक निळे पट्ट्यांचे अकीक मिळतात ते बहुतेक रंगवलेले असतात, आणि पिरोजा म्हणून रंगवलेला हॉवलाइट सर्रास विकतात. विकत घेताना सरळ विचारा, रंगवलाय का, चांगला व्यापारी सांगतो.

आपल्याकडच्या दगडांविषयी दोन शब्द, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. दख्खनच्या काळ्या कातळात, त्याच्या पोकळ्यांमध्ये, अकीक आणि कॅल्सेडनी भरपूर सापडते, आणि तिचं कापकाम खंबातला फार जुन्या काळापासून चालतं. आपल्या पायाखालच्या दगडाची अंगठी बोटात घालायला मला फार आवडतं, आणि अकीक अंगठीला टिकाऊ आहे. पण त्याच कातळातले ते हिरवट अपोफिलाइट, स्टिलबाइट, वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट, जे बघून जीव हरखतो, ते अंगठीत घालू नका. अपोफिलाइटचा कठीणपणा साडेचार-पाच, बाकीचे त्याहून मऊ, थरांमध्ये सुटणारे. ते कपाटात ठेवून बघायचे दगड. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये जाऊन बघा, काय काय आपल्या जमिनीत आहे ते.

आणि आजोबांचं पोवळं. आत्ता नको. पोवळं मऊ असतं, तीन ते चारच्या दरम्यान, आणि ते चुनखडीच्याच जातीचं असल्यामुळे अ‍ॅसिड त्याला खातं, अगदी लिंबूसत्वाचं पिकलसुद्धा. आग तर लांबच राहिली. मोत्याचंही तसंच. त्याच्यासाठी अंगठी पूर्ण व्हायला हवी, डाख, पिकल, पॉलिश सगळं आटोपलेलं, आणि पोवळं अगदी शेवटी बसवायचं, कोंदणाची भिंत पातळ शुद्ध चांदीची, म्हणजे ती कमी जोरात वळेल. हे तुम्हाला जमेल, पण अकीकवर हात बसल्यानंतर. अकीक निसटून फुटला तर दुसरा मिळतो. पत्रिकेप्रमाणे घालणारे लोक पोवळं खालून बोटाला लागलं पाहिजे म्हणतात, तशी घरच्यांची इच्छा असेल तर कोंदणाचा तळ आतून गोल कापून फक्त कड ठेवा, खडा त्या कडेवर बसतो, मजबुतीत काही कमी पडत नाही.

कोंदणाच्या भिंतीची उंची हा नवशिक्यांना छळणारा प्रश्न. खडा आत ठेवून बाजूने बघा, खड्याची बाजू जिथे आत झुकायला लागते त्याच्या जरा वर भिंत हवी. 8 मिमीच्या मध्यम घुमटाला साधारण दोन मिमी पुरते. भिंत जास्त उंच ठेवलीत तर दाबताना सुरकुत्या पडतात आणि खडा झाकला जातो, कमी ठेवलीत तर खडा बाहेर येतो. उंच असेल तर 400 नंबरच्या एमरी पेपरवर सपाट ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवत घासा, मध्ये मध्ये खडा ठेवून बघत. मात्र बघताना खाली दोरा किंवा डेंटल फ्लॉस आडवा टाकूनच खडा ठेवा, नाहीतर तो घट्ट बसतो आणि निघत नाही.

डाखेचा क्रम असा ठेवा की कोंदणाच्या भिंतीचा सांधा हार्डने, भिंत तळाला मिडियमने, आणि कोंदण वळ्यावर इझीने. वळ्याचा सांधा अर्थात हार्डच. म्हणजे नंतरच्या आगीत आधीचा सांधा सुटत नाही. तळाचा पत्रा जाड, भिंत पातळ, म्हणून ज्योत खालून किंवा बाजूच्या पत्र्यावर, भिंतीवर कधीच नाही. खडा बसवताना घड्याळातले 12 आणि 6 आधी दाबा, मग 3 आणि 9, मग मधले. एका बाजूने सुरुवात करून गोल जात राहिलात तर शेवटी सगळी जास्तीची चांदी एका जागी येऊन घडी पडते. शेवटी ओपणी, म्हणजे घासून चकाकी आणायचं गुळगुळीत हत्यार, फिरवा. अकीकाची ओपणी मिळाली तर घ्या, लोखंडी ओपणीपेक्षा तिचा हात मऊ असतो.

सुरक्षेबद्दल थोडं पण ठामपणे. डाख विकत घेताना कॅडमियम नसलेली मागा आणि दोनदा विचारा. सोन्यात केडीएम म्हणून जे प्रसिद्ध होतं ते हेच, कॅडमियमची डाख, तिचा धूर फुफ्फुसांना आणि किडनीला घातक असतो आणि त्याला खास असा वास नसतो की तुम्ही सावध व्हाल. अंगठीच्या कामाला छोटा ब्युटेन टॉर्च पुरतो, स्वयंपाकाच्या सिलेंडरला नळी लावण्याच्या भानगडीत फ्लॅटमध्ये पडू नका. पिकलला लिंबूसत्वाचं गरम पाणी चालतं, आपले सोनार तुरटीच्या पाण्यातही उकळवतात, तेजाब घरात नको. पिकलमध्ये लोखंडी चिमटा घातलात तर सगळ्या चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो, म्हणून तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा. केस बांधा, सिंथेटिक ओढणी काढून ठेवा, आणि पावसाळ्यात सॉ ब्लेड आणि कानशींना तेलाचा हात लावून बंद डब्यात ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत आठवड्यात गंज चढतो.

शिकायचं कुठे असंही काही जणांनी विचारलंय. व्हिडिओ बघा, पण पुण्यात रविवार पेठेत, कोल्हापुरात गुजरीत, मुंबईत झवेरी बाजारात हाताने काम करणारे कारागीर अजून आहेत, कोल्हापूरजवळचं हुपरी तर अख्खं गाव चांदीवर जगतं. कुणाच्या ओळखीने गेलात, त्यांच्या कामाच्या वेळेचा मान ठेवलात आणि फोन खिशात ठेवून नुसतं बघत बसलात तर बरेच जण बसू देतात. त्यांचा हात बघा, ज्योत किती लांब धरतात ते बघा. ते अंतर व्हिडिओत दिसत नाही.

एक वही ठेवा. प्रत्येक अंगठीचं माप, पट्टीची लांबी, कुठली डाख, काय बिघडलं, दोन ओळी. बस. आणि डिझाईनची काळजी करू नका. एकाच अंगठीच्या मागे लागलात की एक दिवस कड जरा गोल घासावीशी वाटते, मग एक दिवस हातोडीचे ठोके तसेच ठेवावेसे वाटतात, मग वळं मागे निमुळतं करून बघता, कोंदणाखाली एक तारेची रेघ टाकता. हे बदल एका वेळी एकच करा. माझ्या अंगठ्यांना आज जो काही माझा म्हणून चेहरा आहे तो असाच आलाय, स्केचबुकातून फार थोडा.

मैत्रिणींना हो म्हणा, पण तारीख देऊ नका. पहिली खड्याची अंगठी कुणाला विकायच्या आधी दोनेक महिने स्वतः घाला, भांडी घासताना, बसमध्ये, कणीक मळताना. कुठे टोचते, कुठे सैल आहे, कोंदणाची कड ओढणीला अडकते का हे तेव्हाच कळतं. कड अडकत असेल तर परत ओपणीने दाबून घ्या, खडा हलतोय असं वाटलं तर कानाशी धरून हलक्या टिचक्या मारा, टकटक आवाज आला तर परत बसवायला हवा. किंमत सांगताना चांदीचं वजन त्या दिवशीच्या भावाने, खडा, आणि तुमचे तास असं वेगळं लिहून द्या, हाताच्या कामाचे पैसे मागायला लाजू नका. आणि 925 चा पंच मिळतो म्हणून तो स्वतः मारून त्याला हॉलमार्क म्हणू नका, हॉलमार्क बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी होऊनच मिळतो. चांदी कुठून घेतली त्याची पावती ठेवा आणि मैत्रिणीने विचारलं तर ती दाखवा.